बांधावरची निलगिरी आणि कंपनीच्या हिशेबातला कार्बन

कॉपीच्या कागदाची रिम घेतली की हल्ली तिच्यावर झाडाचं एक छोटं चिन्ह दिसतं. कागद बनवणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला तर त्यात एक ओळ हमखास असते: शेतकऱ्यांच्या सहभागाने इतक्या एकरांवर झाडं लावली, इतका कार्बन शोषला गेला. बडोद्यात मकरपुरा, वाघोडिया, सावली या पट्ट्यांत पुठ्ठा, छपाई, पॅकिंग आणि फर्निचरच्या धंद्यात आपली बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांना आता मोठे ग्राहक सरळ विचारतात की तुमच्या खोक्याचं लाकूड कुठून आलं आणि त्यात कार्बन किती. प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर देताना झाडं, शेती, बॉयलर आणि हिशेब यांची इतकी सरमिसळ होते की चांगलं काम आणि नुसती चांगली ओळ यांतला फरकच कळेनासा होतो. तो कळावा म्हणून हा लेख.

आधी हा प्रश्न विचारला का जातो ते पाहू. कंपनीच्या उत्सर्जनाचे तीन कप्पे केले जातात. कारखान्याच्या आवारात जे जळतं, म्हणजे बॉयलरमधला कोळसा, जनरेटरचं डिझेल, ते स्कोप १. विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन स्कोप २. आपल्या देशात ग्रिडची एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उरलेलं सगळं स्कोप ३: विकत घेतलेला माल, त्याची वाहतूक, विकलेल्या वस्तूचा शेवट. कागद कारखान्याचा स्कोप १ हा खोकी बनवणाऱ्याच्या स्कोप ३ मध्ये येतो आणि पुढे साबण कंपनीच्या स्कोप ३ मध्येही दिसतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. तेव्हापासून ही विचारपूस खाली खाली झिरपत लहान पुरवठादारांपर्यंत पोचली.

आता झाडाचं गणित. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. एक किलो कार्बन म्हणजे हवेतला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. समजा, डभोईजवळच्या एका एकरात कलमी निलगिरी लावली आणि चार वर्षांनी ३० टन ओलं लाकूड निघालं. त्यातलं निम्मं पाणी धरू. १५ टन कोरडं लाकूड, त्यात साडेसात टन कार्बन, म्हणजे हवेतून साडेसत्तावीस टन कार्बन डायऑक्साइड ओढला गेला. आकडा मोठा वाटतो आणि खरा आहे.

पण चौथ्या वर्षी झाड तुटतं. त्याचा लगदा होतो, लगद्याचा कागद होतो, आणि बराचसा कागद वर्ष-दोन वर्षांत रद्दीत, उकिरड्यावर किंवा चुलीत जातो. कार्बन पुन्हा हवेत. शेतात खोडाला फुटवे येतात आणि नवं चक्र सुरू होतं. मग कंपनीने मोजायचं काय? घरातल्या लोणच्याच्या बरणीचा विचार करा. मे महिन्यात ती भरते, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रिकामी होते, पुन्हा भरते. दहा वर्षं हे चाललं तरी घरात दहा बरण्या लोणचं साठलं असं कुणी म्हणणार नाही. सरासरी काढली तर घरात कायम अर्धी बरणी असते, एवढंच. शेतातल्या झाडांचंही तसंच आहे. आपल्या एकरावर कायम उभा राहणारा सरासरी साठा साडेसत्तावीसच्या निम्मा, म्हणजे पावणेचौदा टनांच्या आसपास. आणि तो एकदाच धरायचा, दर तोडणीला नव्याने नाही.

पावणेचौदा टन म्हणजे किती? आपल्याकडचा एक टन कोळसा जळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका एकरावरच्या निलगिरीने जे कायमचं धरून ठेवलं, ते नऊ-दहा टन कोळशाच्या बरोबरीचं. एक ट्रक. मोठ्या कागद कारखान्याला कोळसा रोज शेकडो टन लागू शकतो. हा हिशेब मांडला की कळतं, झाडं लावून बॉयलरचा धूर फेडता येत नाही. या विषयात वाचकाने एकच गोष्ट पक्की धरायची असेल तर मी ही धरायला सांगेन.

मग वनशेतीचा, म्हणजे शेतात आणि बांधावर अशी झाडं वाढवण्याचा, उपयोगच नाही का? आहे, आणि खूप आहे. फक्त तो बहुतेक वेळा ज्या रकान्यात दाखवला जातो तिथे नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि बडोद्याच्या माणसाला ही वाट ओळखीची आहे.

तापी जिल्ह्यातलं सोनगढ म्हणजे गायकवाडांचं पहिलं ठाणं. पिलाजीरावांनी तिथूनच जम बसवला. त्या किल्ल्याच्या परिसरात आज जेके पेपरचा कागद कारखाना आहे. तो कारखाना आणि त्याच्या पिढीचे देशभरातले कारखाने निघाले तेव्हा कच्चा माल म्हणजे सरकारी जंगलातला बांबू आणि लाकूड, आणि तेही अनेक राज्यांत नाममात्र दराने. स्वस्त मिळालं म्हणून ते बेफिकिरीने तोडलं गेलं. जंगलं विरळ झाली. त्याची झळ सर्वांत आधी लागली ती बांबूवर जगणाऱ्या बुरुडांना आणि आदिवासींना.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने दिशा बदलली. उद्योगाने आपला कच्चा माल शक्यतो स्वतः उभा करावा, त्यासाठी शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडावा, त्यांना कर्ज, तांत्रिक सल्ला, तोडणी आणि वाहतुकीसाठी मदत द्यावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मग १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक बंधनं आणली. कारखान्यांपुढे दोनच मार्ग उरले: परदेशातून लगदा आणि लाकूड आणायचं, किंवा शेतकऱ्याकडे जायचं. बंदरात उतरणारा परदेशी लगदा आणि लाकूड हा पहिला मार्ग. सोनगढच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी राहणारी निलगिरी, सुबाभूळ आणि सुरू या झाडांच्या लाकडाची वाहनं हा दुसरा.

गुजरातला शेतात झाडं लावण्याची सवय त्याही आधीची आहे. रस्त्याकडेच्या आणि कालव्याकाठच्या पट्ट्यांत सामाजिक वनीकरण इथे १९७० च्या सुमारास सुरू झालं. १९८० मध्ये त्याला जागतिक बँकेचा पैसा मिळाला. रोपं जवळपास फुकट मिळू लागली आणि खेडा, मेहसाणाकडच्या शेतकऱ्यांनी ओलिताच्या जमिनीतही निलगिरी लावली. सगळ्यांची झाडं एकदमच तोडणीला आली. बल्ल्यांच्या, म्हणजे बांधकामाला लागणाऱ्या लाकडी खांबांच्या, बाजारात माल ओसंडला आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी भाव कोसळले. मग शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घालून खुंट उपटले. आज कुणी कंपनीचा माणूस पादऱ्याच्या किंवा करजणच्या जुन्या शेतकऱ्यापुढे निलगिरीचं नाव काढतो आणि तो आधी 'भाव कोण बांधून देणार' असं विचारतो, तेव्हा त्याच्या प्रश्नामागे हा सगळा इतिहास असतो. त्याला मागासलेला समजणं अन्यायाचं आहे.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, रोप बदललं. बियांपासूनच्या निलगिरीत एक झाड जोमदार तर शेजारचं किडकिडीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आजच्या तेलंगणातल्या भद्राचलमच्या कागद कारखान्याने निवडक झाडांच्या फांद्यांना मुळं फोडून एकसारखी रोपं करायला सुरुवात केली. हेच क्लोन, आपल्या भाषेत कलमी रोपं. चांगल्या जमिनीत त्यांचं उत्पन्न बियांच्या रोपांच्या दुपटी-तिपटीपर्यंत गेलं. दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक बदललं. बल्ल्यांच्या लहरी बाजाराऐवजी ठरावीक कारखाना ठरावीक माल घेऊ लागला.

आता खरा फायदा कुठे ते पाहू. एकरी लाकूड दुप्पट झालं की तेवढ्याच कागदाला निम्मी जमीन लागते, आणि नैसर्गिक जंगलावरचा हात निघतो. जुन्या जंगलात खोड, मुळं आणि माती मिळून जितका कार्बन असतो, त्याच्यापुढे चार वर्षांची निलगिरी काहीच नाही. ते जंगल उभं राहिलं, हीच सर्वांत मोठी कमाई. गंमत अशी की न तुटलेलं जंगल कंपनीच्या अहवालात नीट दाखवता येत नाही, म्हणून तिथे लावलेल्या रोपांची संख्या छापली जाते. मला हे खटकतं, कारण त्यामुळे रोपांची मोजणी होते आणि जगलेल्या झाडांची राहून जाते.

दुसरा फायदा अंतराचा. ओल्या लाकडात निम्मं पाणी असतं, म्हणजे दर ट्रकमागे अर्धा ट्रक पाणी वाहिलं जातं. समजा २० टनांचा ट्रक ६०० किलोमीटरवरून येतो. जाऊन-येऊन १,२०० किलोमीटर, लिटरला चार किलोमीटर धरले तर ३०० लिटर डिझेल. एका लिटरला सुमारे २.७ किलो याप्रमाणे ८१० किलो कार्बन डायऑक्साइड. तोच ट्रक १०० किलोमीटरवरून आला तर १३५ किलो. कारखान्याच्या आसपास वनशेती वाढवली की ही बचत दर ट्रकला होते आणि ती पुन्हा हवेत परत जात नाही. शिवाय वाचलेल्या भाड्यातून शेतकऱ्याला जास्त भाव देता येतो. अहवालात ही ओळ लहान अक्षरांत असते, पण भरवशाची असते.

तिसरी गोष्ट कारखान्याच्या आत घडते आणि ती बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. कोरड्या लाकडातल्या निम्म्याहून थोड्या कमीच भागाचा लगदा होतो. उरलेलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, आणि रसायनं मिळून एक काळा दाट द्राव तयार होतो, त्याला कारखान्यात ब्लॅक लिकर म्हणतात. तो आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ आणि वीज मिळते, रसायनंही परत मिळतात. हे लाकडातूनच आलेलं इंधन असल्याने त्याचं उत्सर्जन कोळशाबरोबर न मिसळता वेगळं नोंदवायचं असतं. मात्र ते लाकूड पुन्हा वाढवलं जाणाऱ्या शेतातलं असेल तरच या वेगळ्या नोंदीला अर्थ आहे. जंगल तोडून आणलेलं लाकूड जाळलं आणि त्याला 'हरित इंधन' म्हटलं तर ती नुसती रंगरंगोटी. म्हणजे कोळसा खरोखर कमी करायला वनशेती मदत करते ती अशी: कारखान्याला विश्वासाचं लाकूड आणि त्यातूनच निघणारं इंधन पुरवून. उरलेला कोळसा कमी करायचं काम वाफेची गळती थांबवणं, जुनी यंत्रं बदलणं, सौर-पवन वीज घेणं यातूनच व्हायला हवं. कंपन्यांची उद्दिष्टं तपासणाऱ्या 'सायन्स बेस्ड टार्गेट्स' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा नियमही हेच सांगतो: बाहेरून विकत घेतलेले कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने वाचवलेल्या किंवा शोषलेल्या कार्बनचे दाखले, कपातीच्या उद्दिष्टात धरायचे नाहीत.

क्रेडिटचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. शेतकऱ्याने झाडं लावून शोषलेल्या कार्बनचं क्रेडिट विकता येतं, पण त्याला दोन अटी आहेत. क्रेडिटचे पैसे नसते तर ती झाडं लागली नसती, हे दाखवावं लागतं. नुसत्या लाकडाच्या भावावर जो शेतकरी तसाही निलगिरी लावणार होता, त्याच्या झाडांवर क्रेडिट काढणं योग्य नाही. आणि एक टन एकानेच मोजायचा. शेतकऱ्याचं क्रेडिट एखाद्या परदेशी विमान कंपनीने विकत घेतलं तर तोच टन कागद कारखान्याने आपल्या अहवालात धरू नये. गावात अशा योजनेचा कागद आला तर सही करण्याआधी वाचायचं एकच कलम: कार्बनचा हक्क कुणाचा, आणि किती वर्षं.

लाकूड चांगल्या ठिकाणाहून आलं हे सिद्ध कसं करायचं? 'एफएससी' या १९९३ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार जंगल आणि वनशेतीला प्रमाणपत्र मिळतं. शेत ते कारखाना ते छापखाना या साखळीतल्या प्रत्येक मालक बदलाच्या टप्प्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं. मधली एक कडी तुटली की खोक्यावर चिन्ह छापता येत नाही. चिन्हावर 'मिक्स' लिहिलं असेल तर त्यात प्रमाणित किंवा पुनर्वापराच्या मालाबरोबर इतर तपासलेलं लाकूडही आहे असं समजायचं. दोन एकरांचा शेतकरी एकटा हा खर्च पेलू शकत नाही, म्हणून शेकडो शेतकऱ्यांचा एक गट करून एकच प्रमाणपत्र घेतात. भारतानेही डिसेंबर २०२३ मध्ये जंगल आणि लाकडासाठी आपली स्वतंत्र प्रमाणन योजना जाहीर केली. युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी २०२३ चा नवा कायदा आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ केलेल्या जमिनीतलं लाकूड किंवा त्याचा कागद तिथे चालणार नाही आणि शेताचं नकाशावरचं नेमकं ठिकाण द्यावं लागेल. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी निर्यातदार आतापासून शेतकऱ्यांकडे सातबारा आणि मोबाइलवरचं लोकेशन मागू लागलेत.

निलगिरीबद्दलची एक शंका मी टाळणार नाही. ती पाणी पिते का? किलोभर लाकडामागे तिला पाणी कमी लागतं, पण ती इतकी भराभर वाढते की एकराचा विचार केला तर भरपूर ओढते. जिथे विहिरी आधीच खोल गेल्यात तिथे सलग निलगिरी लावणं चूक आहे. सुबाभूळ आणि सुरू ही झाडं हवेतला नत्र जमिनीत आणतात. सुबाभळीचा पाला गुरं खातात, मात्र तिचं बी पडीक जमिनीत पसरतं, त्यावर लक्ष हवं. आपल्या भागात महारुख, ज्याला इथले शेतकरी अरडुसो म्हणतात, बांधावर कित्येक वर्षं उभा आहे. मला स्वतःला बांधावरची झाडं सर्वांत पटतात. आत तूर, एरंडी, कापूस चालू राहतो, चार वर्षं उत्पन्नाविना बसावं लागत नाही आणि अन्नाची जमीनही जात नाही. सलग लागवडीत एकरी आकडा मोठा दिसतो, म्हणून कंपन्यांना ती आवडते.

वस्तू किती टिकते यावरही बरंच अवलंबून आहे. हवामानाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत कागदाचं अर्धायुष्य २ वर्षं धरतात, प्लायवूडसारख्या फळ्यांचं २५ आणि चिरलेल्या लाकडाचं ३५. म्हणजे इतक्या वर्षांनी त्यातला निम्मा कार्बन अजून वस्तूत असतो. संखेड्याचा लाखेच्या रंगाचा सागवानी झोपाळा बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत दोन-तीन पिढ्या झुलतोय. त्या सागातला कार्बन अजून तिथेच आहे. कागदाचा लगदा होणाऱ्या झाडांबरोबर बांधावर फर्निचरच्या जातींची काही झाडं वीस-पंचवीस वर्षं राखायला शेतकऱ्याला मोबदला मिळाला, तर कार्बन खऱ्या अर्थाने थांबेल. पण त्यात परवानग्यांची अडचण आहे. स्वतःच्या शेतातला साग तोडताना फेऱ्या माराव्या लागतील या धास्तीने अनेक जण तो लावतच नाहीत. बांबूची अडचण २०१७ च्या कायदादुरुस्तीने सुटली. जंगलाबाहेर वाढवलेला बांबू आता कायद्याने झाड नाही, त्यामुळे तोडणी आणि वाहतूक मोकळी झाली. इतर लाकडासाठी डिसेंबर २०२३ मध्ये देशभर चालणारा ऑनलाइन वाहतूक पास आला, आणि शेतजमिनीवरच्या तोडणीसाठी केंद्राने जून २०२५ मध्ये नमुना नियम राज्यांकडे पाठवले.

म्हणून पुठ्ठा किंवा कागद विकत घेणाऱ्या बडोदेकर व्यावसायिकाने पुरवठादाराला विचारायचं ते असं. झाडं लावण्याआधी त्या जमिनीवर काय होतं? तुम्ही जाहीर केलेला टनांचा आकडा तोडणीच्या दिवसाचा की सरासरी साठ्याचा? लाकूड किती किलोमीटरवरून येतं? गेल्या तीन वर्षांत दर टन कागदामागे कोळसा किती कमी झाला? आणि शेतकऱ्याशी केलेल्या करारात किमान भाव लिहिला आहे का, वजन सालीसकट धरतात की साल काढून, तोडणीनंतर किती दिवसांत उचलतात? शेवटचा प्रश्न कार्बनचा वाटत नाही, पण तोडलेलं लाकूड बांधावर उन्हात पडून राहिलं की रोज वजन घटतं आणि शेतकऱ्याचे पैसे वाळून जातात. एकदा असं झालं की तो पुढच्या वेळी झाडं लावत नाही, आणि कारखान्याला पुन्हा लांबून ट्रक मागवावे लागतात.